फडावर जाणाऱ्या बाळाचा आहार : शिकवायचे कोणी, विचारायचे कोणी?

या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही एकाच वयाच्या बाळाबद्दल लिहिणार आहोत. सहा महिने पूर्ण झालेले आणि दोन वर्षांच्या आतले बाळ. कुपोषण बहुतेक वेळा याच दीड वर्षात अंगात शिरते. त्याआधी आईचे दूध बाळाला सांभाळते. तीन वर्षांनंतर मूल स्वतःच्या पायांनी अंगणवाडीत जाते आणि गरम आहार खाऊन येते. मधल्या काळात मात्र ते पूर्णपणे घरच्या हातांवर अवलंबून असते. सरकार त्याच्यासाठी घरी न्यायचे टीएचआरचे पाकीट देते. पण ते पाकीट फोडून, शिजवून, वाटीत घालून भरवणारे हात त्या वेळी शेतात नाहीतर उसाच्या फडात असतात.

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातले, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे गाव. गुजरातची हद्द इथून जवळ. पलीकडच्या सागबारा, डेडियापाडा भागात इकडच्या अनेक घरांचे सोयरसंबंध आहेत, देवमोगरा मातेच्या यात्रेला दोन्हीकडची माणसे जातात. दिवाळी आटोपली की आसपासच्या पाड्यांतली जोडपी मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला निघतात. कोयत्याचा हिशेब जोडप्याचा असतो, म्हणून अंगावर पिणारे बाळ असले तरी आईला जावेच लागते. बरीच कुटुंबे होळीला परततात, काही होळी करून पुन्हा जातात. म्हणजे दिवाळीला ज्या बाळाचे सहा महिने भरले, त्याचा पहिला घास फडावर होतो आणि ते परत येते तेव्हा दहा-अकरा महिन्यांचे झालेले असते.

या साडेचार महिन्यांत त्याचे वजन कोणी केले? गावच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा असतो. जिथे ते राहिले तिथल्या वहीत त्याचे नावच नसते. दोन राज्ये, चार खाती, आणि मधोमध पाच-सहा किलोचे एक बाळ. आमचा आजचा धडा त्या बाळाचा आहे. त्याच्या वाटीत काय असावे हे तर सांगूच, पण ती वाटी भरली की नाही हे विचारायचे काम कोणाचे, तेही सांगू. आमच्या मते पोषणाच्या शिक्षणातला दुसरा भाग नेहमी सुटतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुले वयाच्या मानाने खुजी आणि 36 मुले कमी वजनाची निघाली. नंदुरबार जिल्ह्यात कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण निम्म्याहून जास्त होते. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा जन्मापासून ‘कुपोषित जिल्हा’ म्हणूनच वर्तमानपत्रांत येतो. इथल्या आयांना काही कळत नाही, असा एक समज त्या बातम्यांतून शहरात पसरला आहे. आम्ही नर्सिंग शिकून या भागात आलो तेव्हा आम्हालाही फळ्यावर हेच शिकवलेले होते : अज्ञान, अंधश्रद्धा, अस्वच्छता. गरिबी आणि मजुरी हे शब्द त्या यादीत फार खाली होते.

आधी दंड मोजा

वजनकाटा सगळीकडे नसतो, असला तरी बिघडलेला असतो. पण दंडघेराची पट्टी पदराच्या गाठीत मावते, आणि ती लावायला शिक्षण लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षे या वयासाठी तीच पट्टी चालते.

बाळाचा डावा हात कोपरात काटकोनात वाकवा. खांद्याचे हाड आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करा. मग हात सरळ खाली सोडा, बाळाला आईच्या मांडीवरच राहू द्या. खुणेवर पट्टी गुंडाळा. पट्टीने कातडीला वळी पडता कामा नये आणि खाली फटही राहता कामा नये. साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त आले तर हिरवा. साडेअकरा ते साडेबाराच्या मध्ये पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषण. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, ज्याला आपल्या अंगणवाडीताई सॅम म्हणतात. यानंतर बाळाच्या दोन्ही पायांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून धरा. दोन्ही पायांवर खड्डा राहिला तर ती सूज आहे, आणि मग दंडघेर हिरवा असला तरी बाळाला दवाखान्यात न्यायचे. सुजलेले बाळ गुबगुबीत दिसते. आजी म्हणते, चांगलं बाळसं धरलंय. इथे फसू नका.

लाल बाळाला ताप नाही, जुलाब नाहीत, भूक चांगली आहे, तर ते गावातच ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे अंगणवाडीतल्याच व्हीसीडीसीत, राहून सुधारू शकते. तिथे तीस दिवस त्याला दिवसातून अनेक वेळा खास आहार देतात. भूकच नाही, सूज आहे, धाप आहे, बाळ मलूल आहे, तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायचे. तिथे साधारण चौदा दिवस राहावे लागते. आई नको म्हणते, कारण घरी आणखी दोन मुले असतात आणि रोजची मजुरी बुडते. बुडीत मजुरीची तरतूद आहे हे तिला त्याच दिवशी सांगा. आणि घरच्या दोन मुलांना चौदा दिवस कोण जेवू घालणार हे शेजारणींनी बसून ठरवा. आमचा अनुभव असा की दाखल होण्यास नकार देणारी आई बहुतेक वेळा हा एकच प्रश्न सुटला की तयार होते.

पातळ पेज पोट भरते, बाळ भरत नाही

आता वाटीकडे येऊ. बाळाच्या पोटात एका वेळी त्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 30 मिली मावते. सहा किलोच्या बाळाच्या पोटात 180 मिली, म्हणजे जेमतेम एक वाटी. त्या वाटीत वरणाचे पाणी घातले तर पोट भरते, बाळ रडायचे थांबते, झोपते. आईला वाटते जेवले. पण त्या वाटीत डाळ नाममात्र असते. घरोघरी ‘बाळाला पचणार नाही’ म्हणून वरचे पाणी बाळाला आणि खालची डाळ मोठ्यांना, अशी वाटणी होते. ती उलटी करा. खालची घट्ट डाळ कुस्करून बाळाला द्या, पाणी मोठ्यांनी भाकरीबरोबर खावे.

घट्ट म्हणजे किती? चमचा तिरका केला तरी घास घसरू नये, इतके. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दिवसातून दोन-तीन वेळा, अर्धी वाटी होईपर्यंत हळूहळू वाढवत न्यायचे. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, आणि मध्ये एक-दोन वेळा काहीतरी हातात धरून खायला. वर्षानंतर दर वेळी पाऊण ते एक वाटी. प्रत्येक वाटीत एक लहान चमचा तेल वरून घाला. तेवढ्या तेलाने सुमारे 45 कॅलरी वाढतात आणि वाटीचा आकार वाढत नाही. लहान पोटासाठी हा हिशेब फार मोलाचा आहे. खोबरेल, शेंगदाण्याचे, सोयाबीनचे, घरात असेल ते तेल चालते.

घट्ट पेज काही बाळे गिळत नाहीत, तोंडात घोळवत बसतात. त्यावर नागलीचा उपाय आहे. नागली रात्रभर भिजवून फडक्यात बांधून मोड आणायचे. उन्हात कडक वाळवायची, मोड चोळून काढायचे आणि दळून घ्यायची. फार भाजू नका, कारण मोड येताना त्यात जो पाचक रस तयार होतो तो जास्त उष्णतेने मरतो. घट्ट शिजलेली पेज खाली उतरवून कोमट होत आली की त्यात या पिठाचा एक चमचा ढवळा. काही मिनिटांत पेज सैल होते, ताकद तेवढीच राहते. मग पुन्हा एक उकळी आणा आणि भरवा. पाणी घालून सैल केलेली पेज आणि नागलीच्या पिठाने सैल केलेली पेज डोळ्याला सारखीच दिसते. अंगाला लागण्यात मोठा फरक आहे.

अंड्याबद्दल एक वाक्य पुरे : सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला नीट उकडलेले अंडे कुस्करून देता येते, आणि आपल्या घरांत त्याला कोणाची आडकाठी नाही. मासे खाणाऱ्या घरांनी काटे काढून बारीक मासेही द्यावेत. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून केलेली चिमूटभर पूड कशातही मिसळते.

जे देऊ नये तेही सांगतो. पाच रुपयांचा बिस्किटपुडा आणि बशीतला चहा. फडावरच्या बाळाचे हेच मुख्य जेवण झाले आहे, कारण ते कुठल्याही टपरीवर मिळते आणि सात वर्षांची ताईसुद्धा ते भरवू शकते. चहामुळे अन्नातले लोह अंगाला लागत नाही आणि भूक मरते. या सात वर्षांच्या ताईचाच विचार करून पुढचे पीठ आम्ही सांगत असतो.

दोन वाट्या ज्वारी किंवा तांदूळ, एक वाटी हरभऱ्याची किंवा मुगाची डाळ, अर्धी वाटी शेंगदाणे. सगळे वेगवेगळे भाजा, कारण भाजायला लागणारा वेळ वेगळा आहे. शेंगदाण्याला बुरशीचा वास किंवा काळेपणा असेल तर तो फेकून द्या, बाळाच्या यकृताला तो घातक आहे. सगळे एकत्र दळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. थंडीच्या दिवसांत दोन-तीन आठवडे टिकते. दोन मोठे चमचे पीठ, वरून उकळते पाणी, एक लहान चमचा तेल, चवीपुरता गूळ. चुलीवर भांडे चढवायला वेळ नसलेल्या बाईला पहाटे पाणी एकदाच उकळून थर्मासमध्ये भरून ठेवता येते. थर्मास ही चैन आहे असे कोणी म्हणेल. उचल घेताना मुकादमाकडून जे मागायचे त्यात तो पहिला मागा, असे आम्ही सांगतो.

जुलाब लागले तर खाणे बंद करू नका. ओआरएस द्या. सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, पूर्ण चौदा दिवस. जुलाब थांबले म्हणून गोळी तिसऱ्या दिवशी सोडायची नाही. फडावर जाताना ओआरएसची पाकिटे आणि झिंकचे एक पूर्ण पान आशाताईकडून मागून घ्या.

चांगली कामे झाली आहेत, ती कशाने झाली ते पाहा

दर सप्टेंबरात पोषण माह येतो. रांगोळ्या निघतात, पाककृतींची स्पर्धा होते. काजू आणि पनीर घातलेल्या पदार्थाला बक्षीस मिळते आणि टाळ्या वाजवणाऱ्या बायका घरी जाऊन चुलीवर मक्याची भाकरी थापतात. घोषणा मराठीत, बायका बोलतात देहवाली किंवा पावरी. आम्ही स्पर्धांच्या विरोधात नाही. पण सरकार बोलते आणि बाई ऐकते, एवढ्याने वाटी भरत नाही हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे.

कशाने भरते? जामखेडचे उदाहरण जुने आहे आणि आपल्या वाचकांनी ते विसरू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे काम सुरू केले आणि गावोगावच्या ज्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले त्यांत अनेक जणी दलित आणि निरक्षर होत्या. ज्या घरांत त्यांना उंबऱ्याबाहेर उभे करत, त्याच घरांत त्या बाळंतिणीला हात लावायला जाऊ लागल्या. त्यांनी बाळांची वजने केली, आयांशी त्यांच्याच बोलीत बोलल्या. नर्स किंवा डॉक्टर सांगून जे पटत नाही ते शेजारीण सांगते तेव्हा पटते, हे आम्ही डिप्लोम्याच्या पुस्तकात वाचले नव्हते.

दुसरे उदाहरण सरकारी आहे. 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन औरंगाबाद विभागातून सुरू झाले आणि पुढे राज्यभर गेले. महिला-बालविकास आणि आरोग्य ही दोन खाती एकाच बाळासाठी काम करतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्यांनी ओळखले. रिक्त पदे भरण्याचा आग्रह धरला, गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांवर भर दिला. युनिसेफचीही मदत होती. 2005-06 च्या सर्वेक्षणात राज्यातल्या दोन वर्षांखालच्या शंभरातल्या सुमारे 39 मुलांची उंची खुंटलेली होती, 2012 च्या राज्य पोषण सर्वेक्षणात ते प्रमाण सुमारे 23 वर आले. सगळे श्रेय मिशनचे असे आम्ही म्हणत नाही. पण सहा-सात वर्षांत एवढे होऊ शकते, म्हणजे कुपोषण हे सातपुड्याच्या नशिबी लिहिलेले नाही.

तिसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 पासून महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिले पाच जिल्हे होते पुणे, ठाणे, अमरावती, उस्मानाबाद आणि नंदुरबार. पुण्याच्या साथी संस्थेने राज्याचे समन्वयन केले. गावच्या लोकांनी आपल्या उपकेंद्राचे आणि दवाखान्याचे प्रगतिपत्रक भरायचे : नर्स येते का, औषध मिळते का, पैसे मागतात का. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचे. ज्या बायकांनी आयुष्यात डॉक्टरला उलट प्रश्न विचारला नव्हता, त्या माईक हातात धरून उभ्या राहिल्या. पुढे हीच रीत आदिवासी भागात अंगणवाडीच्या आहारालाही लावली गेली. आमच्या दृष्टीने खरे पोषण-शिक्षण ते होते. टीएचआर महिन्याला किती मिळायला हवा हे ठाऊक असल्याशिवाय तो कमी मिळाला असे म्हणता येत नाही, आणि म्हणता येऊ लागले की बाई बाकीचेही शिकते.

शिकवण्याची साधने आज पूर्वीपेक्षा बरी आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली स्तनपान आणि वरच्या आहारावर छोटे व्हिडिओ केले आहेत, मराठीतही आहेत. बाळाने नुसते बोंड तोंडात न धरता भोवतालचा काळा भागही तोंडात घेऊन कसे प्यावे, हे त्यात जितके स्वच्छ दाखवले आहे तितके आम्हाला वॉर्डात कधी कोणी दाखवले नव्हते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन रोज साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढायला हवे. वाढत नसेल तर ‘दूध आटले’ म्हणून बाटली आणण्याआधी बाळ अंगाला कसे लावले जाते ते पाहायचे. मोबाइलवर व्हिडिओ दाखवा, आवाज बंद करा आणि आपल्या बोलीत समजावा.

ही मेहेरबानी नाही

2015 साली आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे पहिले सहा महिने आईला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. बाळाला सातव्या महिन्यापासून सहा वर्षांपर्यंत अंडी किंवा केळी. नीट पाहा, आईचे ताट ज्या महिन्यात बंद होते त्याच्या पुढच्याच महिन्यात बाळाचे अंडे सुरू होते. मधला एकही आठवडा कोरडा जाऊ नये यासाठी बाळाचे नाव आधीच त्या यादीत गेले पाहिजे. गावात आहार समिती असते. तिच्यावर कोण आहे, ते विचारून घ्या.

अन्नाच्या या हक्कामागे मोठी लढाई आहे. पीयूसीएलने 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली तेव्हा गोदामांत धान्य सडत होते आणि माणसे उपाशी होती. त्या खटल्यातले दोन-तीन आदेश आपल्या वस्त्यांच्या थेट कामाचे आहेत. 20 एप्रिल 2004 च्या आदेशात न्यायालयाने सांगितले की शाळेतला आहार शिजवण्यासाठी माणसे नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे. हा आदेश का लागला, ते आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. त्याच वर्षी ऑक्टोबरात सांगितले की अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नकोत. आणि 13 डिसेंबर 2006 च्या आदेशानुसार ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यास अंगणवाडी द्यावी लागते. नव्या अंगणवाड्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम. अंगणवाडी गावठाणात मोठ्या घरांजवळ आणि बाळे पाड्यावर, ही स्थिती असेल तर मुले मोजा आणि अर्ज द्या.

आईच्या विश्रांतीचा प्रश्न तर त्याहून जुना. बाबासाहेबांनी 28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, त्याचा भार काही अंशी मालकाने आणि सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. 1929 मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला, तो कारखान्यातल्या बायकांसाठी. उसाच्या फडातल्या बाईपर्यंत मालकाच्या खर्चाने मिळणारी ती विश्रांती अजून पोचलेली नाही. तिच्यासाठी आज आहे ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना : पहिल्या बाळाला 5,000 रुपये, दुसरे अपत्य मुलगी असल्यास 6,000. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा आहे आणि त्यात किमान 6,000 लिहिले आहेत, ही तफावतही लक्षात ठेवा. नोंदणीला कागद लागतात आणि कागद गोळा होईपर्यंत बाई फडावर गेलेली असते. म्हणून हे काम पावसाळ्यातच उरकायचे.

पावसाळ्याचा उल्लेख मुद्दाम केला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत वर्षावास असतो, ग्रंथवाचनाला महिला रोज जमतात. याच तीन महिन्यांत घरातले धान्य संपत आलेले असते, आजार वाढतात, आणि वर्षावास संपला की काही दिवसांतच स्थलांतर सुरू होते. आठवड्यातून एक दिवस वाचनानंतर अर्धा तास या धड्याला द्यावा. खापर-अक्कलकुव्यातल्या भगिनींना आमची विनंती आहे की त्या दिवशी फक्त आपल्या वस्तीपुरते बसू नये, शेजारच्या पाड्यावरच्या आयांना बोलवावे किंवा आपण तिथे जावे. धुळे, जळगाव, नाशिकच्या वाचक मंडळांनी खुशाल विचारावे, आम्ही काय द्यावे? दंडघेराच्या पट्ट्या, थर्मास आणि झाकणाचे डबे द्या. जुने कपडे पुष्कळ येतात.

जाण्यापूर्वी आणि परतल्यावर

2 ऑक्टोबरची ग्रामसभा स्थलांतराच्या अगदी तोंडावर येते. त्या सभेत एक यादी मांडा : दिवाळीनंतर कोणती कुटुंबे जाणार, कोणासोबत दोन वर्षांखालचे बाळ, कोण गरोदर, कोणत्या गावाकडे, कोणत्या मुकादमाबरोबर. यादी आशाताई, अंगणवाडीताई आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने मिळून करायची. पेसा गावांना 2015 पासून मिळणाऱ्या पाच टक्के अबंध निधीतून काय घ्यायचे हे ग्रामसभाच ठरवते. रस्ता आणि सभामंडप यांच्या यादीत या बाळांसाठीही एक ओळ असू द्या. ज्या घरी आजी-आजोबा मागे राहतात, तिथे दीड-दोन वर्षांचे मूल गावातच ठेवता येते. पण मग त्याच्या जेवणाची जबाबदारी अंगणवाडीने आणि शेजाऱ्यांनी घ्यायला हवी.

राज्याने स्थलांतरित माता-बालकांच्या नोंदीसाठी महा एमटीएस नावाची प्रणाली केली आहे, आणि 2021 पासून देशभर चालणाऱ्या पोषण ट्रॅकरमध्येही एका अंगणवाडीतून दुसरीकडे नाव पाठवता येते. जाण्याआधी अंगणवाडीताईंकडून ही नोंद करून घ्या आणि आपल्या डोळ्यांनी पाहा. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. त्यावर शेवटचे वजन, दंडघेर आणि पुढच्या लसीची तारीख लिहून घ्या. गुजरातेत पडावाजवळ जी अंगणवाडी असेल तिथे बाळाला घेऊन जा. तिथल्या कार्यकर्तीने ‘तुम्ही महाराष्ट्राचे’ म्हटले तर शांतपणे सांगा की बाळ जिथे राहते तिथे त्याला आहार मिळतो. आईचे आधार दाखवा, बाळाचे नसले म्हणून नाव नाकारता येत नाही. तरी ऐकले नाही तर गावी आशाताईला फोन करा, आणि आशाताईंनी तो निरोप आरोग्य सेविकेपर्यंत, तालुक्यापर्यंत न्यावा. हे सगळे लिहायला सोपे आहे. फडावर चार किलोमीटर चालून अंगणवाडी शोधायला त्या आईला सुट्टी नसते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून पडावातल्या दहा घरांनी मिळून एका बाईची एक सकाळ मोकळी करायची, तिच्या वाटचा ऊस बाकीच्यांनी तोडायचा, आणि तिने सगळ्यांची कार्डे घेऊन जायचे.

होळीला परत आल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाळाचा दंड पुन्हा मोजा. काठीच्या होळीला जायच्या आधीच मोजा, नंतर कोणी सापडत नाही. ऑक्टोबरचा आकडा आणि मार्चचा आकडा कार्डावर शेजारी शेजारी लिहा. ज्यांचा आकडा खाली आला, त्यांची नावे 1 मेच्या ग्रामसभेत वाचा. तोवर त्यातले जे लाल असेल ते व्हीसीडीसीत असले पाहिजे, सभेची वाट पाहत घरी नको.